दांड्या फुल्ल, नेट गुल

आमच्या धंद्यात सकाळी आठपासून फोन वाजायला लागतो आणि बहुतेकांची सुरुवात ठरलेली असते: "अहो, रेंज फुल्ल आहे, तरी नेट चालत नाही." आवाजात तक्रारीपेक्षा आरोप जास्त. दांड्या सगळ्या दिसतायत म्हणजे त्यांच्या बाजूनं सगळं चोख, घोळ काय तो आमच्याकडे. मी चिपळूणला आधी केबलचा आणि आता फायबरचा धंदा करतो. त्याच्याही आधी, मिसरूड फुटायच्या वयात, मामाबरोबर कौलांवर चढून टीव्हीचे अँटेना लावत फिरायचो. तेव्हा दूरदर्शनवर 'रामायण' चालू होतं, म्हणजे १९८७-८८ची गोष्ट. वस्तू बदलल्या, पण मागणी तीच राहिली: हवेतून जे येतं ते आमच्या घरात नीट आणून द्या. आणि ते नीट आलं की नाही हे दांड्या बघून कळतं, हा समज काही जात नाही.

तर आधी दांड्यांचंच बघू. चार दांड्या म्हणजे नेमका किती सिग्नल, याचा कुठेही पक्का नियम नाही. फोन बनवणारी कंपनी ते आपल्या मनानं ठरवते. एकाच टेबलावर दोन कंपन्यांचे फोन, दोन्हींत सिम एकाच कंपनीचं, तरी एकात चार दांड्या आणि दुसऱ्यात दोन, हे तुम्हीही पाहिलं असेल. २०१० साली ॲपलचा आयफोन ४ आला तेव्हा तो डाव्या हाताच्या तळव्यात विशिष्ट तऱ्हेनं धरला की दांड्या धडाधड उतरायच्या. ओरड झाली. मग जुलैमध्ये कंपनीनं जाहीरपणे लिहिलं की दांड्या मोजायचं आमचं सूत्रच चुकीचं होतं, अनेकदा दाखवायला हव्यात त्यापेक्षा दोन जास्त दाखवल्या जात होत्या. म्हणजे इतकी वर्षं लोक ज्या भरवशावर खिडकीत उभं राहून बोलत होते, तो भरवसाच फुगवलेला होता. 

आम्ही दांड्या बघत नाही, आकडा बघतो. सिग्नल मोजायची आमची मापं डीबीएममध्ये असतात आणि फोनवर ती दाखवणारी फुकट ॲप मिळतात. आकडा उणे असतो, म्हणून लोक दचकतात. हिशेब सोपा आहे. एक मिलिवॅट म्हणजे शून्य. त्याचा दहावा भाग म्हणजे उणे दहा, शंभरावा भाग म्हणजे उणे वीस. दर दहा पायऱ्यांना ताकद दहापटीनं घटते. घरातला राउटर साधारण शंभर मिलिवॅट फेकतो. शेजारच्या खोलीत तुमच्या फोनला उणे साठ मिळत असेल, तर फोनच्या अँटेनात उतरणारी ताकद आहे एका वॅटचा अब्जावा भाग. तेवढ्यावर अख्खा सिनेमा अडखळल्याशिवाय चालतो. उणे ६७च्या वर असेल तर व्हिडिओ कॉलही आरामात होतो. उणे ७५च्या खाली कुरबुर सुरू होते, आणि उणे ८५ला पोचलात की फोनवर खूण दिसते पण काम होत नाही.

गेल्या पावसाळ्यात वाशिष्ठी नदीपलीकडच्या एका वाडीत एका निवृत्त गुरुजींकडे गेलो होतो. घर जुनं, जांभ्या चिऱ्याचं, भिंती फूट-सव्वा फूट जाड. ओटीवर टीव्ही, टीव्हीचं काचेचं शोकेस, आणि राउटर त्या शोकेसच्या तळच्या कप्प्यात, टीव्हीच्या मागे. दिसायला नको म्हणून. गुरुजींची सून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते आणि ती बसते मागच्या पडवीत, कारण तिथे वारा येतो आणि ओटीवरच्या टीव्हीचा आवाज येत नाही. मी फोन हातात घेऊन घरभर चाललो. शोकेससमोर उणे ४१. माजघरात उणे ६३. स्वयंपाकघरात उणे ७७. पडवीत उणे ८८.

"पण स्वयंपाकघरात दोन पट्ट्या दिसतात की," गुरुजी म्हणाले. "तिथेही हिची मीटिंग तुटते."

"गुरुजी, त्या दोन पट्ट्या म्हणजे फोनला राउटर किती ऐकू येतो, एवढंच. राउटरला फोन किती ऐकू येतो ते कुठे दिसतंय?"

सगळ्या विषयातली गोम इथेच आहे. बिनतारी इंटरनेट म्हणजे रेडिओ नव्हे, की स्टेशननं लावलं आणि आपण ऐकलं. नुसता सिनेमा बघायचा असला तरी फोनला सतत उलट कळवावं लागतं की हा तुकडा पोचला, पुढचा पाठवा. पोच मिळाली नाही की राउटर तोच तुकडा पुन्हा पाठवतो. आता राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, फोन बॅटरीवर. फोन सहसा राउटरपेक्षा हळू आवाजात बोलतो, कारण बॅटरी वाचवायची असते. त्यामुळे राउटरचं म्हणणं फोनपर्यंत कसंबसं पोचतं, पण फोनची पोच परत जाताना भिंतीत मरते. पडद्यावर दोन पट्ट्या, आणि मध्ये ते गोल फिरत बसतं. 'लाँग रेंज' असं खोक्यावर लिहून विकल्या जाणाऱ्या राउटरांवर माझा फारसा विश्वास नाही तो याचमुळे. राउटर मोठ्यानं ओरडला म्हणून फोनचा आवाज मोठा होत नाही.

भिंतींचं म्हणाल तर, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाई उरते. म्हणजे आमच्या मापात सहा पायऱ्या खाली. घरात त्यावर भिंतींचा कर बसतो. प्लायवुडचं पार्टिशन जवळजवळ काही खात नाही. विटांची भिंत थोडं खाते, सळ्या घातलेलं काँक्रीट बरंच जास्त. जांभा सच्छिद्र दगड, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो, आणि पाणी या लहरींना शोषून घेतं. त्यामुळे जी भिंत मे महिन्यात चालून जाते ती ऑगस्टमध्ये त्रास देते. लोखंडी कपाट, फ्रिज, पत्रा यांतून तर लहर जातच नाही, आपटून परत फिरते. ड्रेसिंग टेबलाच्या आरशामागेही धातूचा मुलामा असतो, तोही अडवतो. गुरुजींच्या माजघराच्या भिंतीला टेकून एक जुनं लोखंडी कपाट होतं, बरोबर राउटर आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये.

काम किरकोळ होतं. वायर लांबवली, राउटर शोकेसमधून काढून माजघराच्या दारावर, डोक्याच्या वर, उघड्यावर लावला. आता कपाट वाटेत येत नव्हतं आणि दारांच्या ओळीतून लहरीला पडवीपर्यंत वाट मिळाली. पडवीत उणे ६९ आला. गुरुजींच्या मुलानं आधीच रेंज वाढवायचं एक यंत्र ऑनलाइन मागवून ठेवलं होतं, ते परत पाठवायला सांगितलं. ही यंत्रं सरसकट वाईट नसतात. पण लोक ती लावतात जिथे रेंज संपते तिथे. जिथे सिग्नलच मेलेला, तिथे बसून ते यंत्र बिचारं काय पुढे देणार? शिवाय स्वस्तातली यंत्रं एकाच रेडिओनं घेतात आणि त्याच रेडिओनं देतात, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. घर खरंच मोठं असेल तर सरळ वायर ओढावी आणि दुसऱ्या टोकाला दुसरा राउटर बसवावा. बिनतारीच्या दुखण्यावर तारेसारखं औषध नाही, हे मी गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा तो माझ्याकडे संशयानं बघतो, कारण वायरचे पैसे मीच घेणार असतो.

राउटरच्या दांडक्यांविषयीही एक सांगून टाकतो. लोक ती ज्या खोलीत नेट हवं तिकडे रोखून ठेवतात. उलटं आहे. दांडक्याच्या टोकातून जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही, लहर निघते त्याच्या अंगातून, चारी बाजूंनी. दांडकं उभं असेल तर त्याच मजल्यावर पसरते. वर माडीवर हवी असेल तर दोनातलं एक दांडकं आडवं करा. पैसा लागत नाही.

मामाचे अँटेना वेगळे होते. एका लांब नळीवर आडव्या कांड्या, एक मागे, एक मधली वायर जोडलेली, बाकी पुढे. त्या रचनेला यागी-उदा म्हणतात. शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी या जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या दोघांनी ती १९२६मध्ये मांडली. जिथून सिग्नल येतो तिकडे तोंड करून लावली की त्या दिशेचं जास्त ऐकते आणि बाकीकडे कानाडोळा करते. मधल्या कांडीची लांबी लहरीच्या साधारण निम्मी लागते. दूरदर्शनच्या खालच्या पट्टीतली लहर साडेचार ते सहा मीटर, म्हणून कांडी माणसापेक्षा लांब. वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटर, म्हणून तुमच्या फोनचा अँटेना बाहेर दिसतच नाही, कडेच्या पट्टीत मावतो. आणि म्हणूनच धातूचं कव्हर घातलेला फोन घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी कव्हर काढतो.

या लहरीच्या लांबीनंच पुढचे बरेच घोटाळे होतात. नव्या राउटरवर वायफायची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एकापुढे '५जी' लिहिलेलं. या ५जीचा मोबाइलच्या ५जीशी काडीचा संबंध नाही. ते फक्त ५ गिगाहर्ट्झची पट्टी आहे एवढं सांगतं. साधं नाव २.४ गिगाहर्ट्झचं. पाचवाली लहर जेमतेम साडेपाच सेंटिमीटर, भिंतीत लवकर दमते, पण तिच्याकडे जागा भरपूर, म्हणून वेग मोठा. दोनचारवाली भिंती ओलांडते, पण तिथे गर्दी फार. राउटरच्याच खोलीतल्या टीव्हीला पाच द्या, लांबच्या खोलीतल्या फोनला दोनचार. लोक नेमकं उलट करून ठेवतात, कारण पाच हा आकडा मोठा.

गर्दीचं दुखणं वाडीत कळत नाही, शहरात कळतं. बाजारपेठेजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. राउटर दिवाणखान्यात, बाई बाजूच्या खोलीत, आकडा उणे ५२. याहून चांगला काय हवा? तरी संध्याकाळी सात ते अकरा नेट रडायचं. ॲपमध्ये बघितलं तर आसपासच्या वीस-पंचवीस घरांचे वायफाय दिसत होते. दोनचारच्या पट्टीत भारतात १३ चॅनल आहेत खरे, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना न घासणारे तीनच एका वेळी वापरता येतात, १, ६ आणि ११. बहुतेक राउटर खोक्यातून निघतात ते यातल्याच एखाद्यावर आणि लोक ते कधी बदलत नाहीत. त्या इमारतीत निम्मी घरं सहावर बसली होती.

लग्नात मंगल कार्यालयात बँड चालू असताना शेजारचा माणूस कानाला तोंड लावून ओरडतो, तेव्हा त्याचा आवाज तुम्हाला भरपूर ऐकू येतो, कळत मात्र काही नाही. दांड्या तो आवाज मोजतात. कळतं किती, ते ठरतं आवाज आणि गोंगाट यांच्यातल्या फरकावर. हा फरक वीस-पंचवीस पायऱ्यांचा असेल तर गाडी पळते. गोंगाट वर चढला की तुमचा आवाज आहे तिथेच राहूनही फरक आटतो. मग राउटर आणि फोन आपणहून हळू, सोप्या भाषेत बोलायला लागतात, म्हणजे वेग उतरतो. बाईंचा राउटर अकरावर नेला आणि लॅपटॉप पाचच्या पट्टीवर टाकला, इतकंच केलं.

तिथेच आणखी एक गंमत कळली. बाई रात्री जेवण गरम करायला मायक्रोवेव्ह लावायच्या तेव्हा मुलाची मॅच अडकायची. मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर, वायफायच्या ऐन पट्टीत. दारातून त्याची थोडी गळती होते, अन्नाच्या मानानं नगण्य, पण एका वॅटच्या अब्जाव्या भागावर जगणाऱ्या फोनला ती पुष्कळ होते. ही पट्टी परवाना न घेता वापरता येते, म्हणून सगळे तिथेच गोळा झाले आहेत: वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस. लॅपटॉपला निळ्या टोकाची यूएसबी ३ची हार्ड डिस्क लावली की शेजारचा बिनतारी माउस अडखळतो, हेही त्यातलंच. त्या केबलमधून याच पट्टीत गोंगाट गळतो. इंटेलनं २०१२मध्ये यावर वेगळं टिपण काढलं होतं.

आणि एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं, हे लोक विसरतात. १९७१मध्ये हवाईत नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची यंत्रं विद्यापीठातल्या संगणकाला रेडिओनं जोडली, अलोहानेट नावानं. रीत अशी की बोलायचं असेल तेव्हा बोला. दोघांचं एकदम झालं आणि पोच आली नाही, तर दोघांनी आपापल्या अंदाजानं थोडं थांबून पुन्हा बोला. वायफाय त्यात आणखी शहाणं झालं, आधी ऐकतं आणि मग बोलतं. पण नंबर लावणं आहेच. म्हणून पडवीत बसलेला एखादा जुना फोन, ज्याला हळूहळू बोलावं लागतं, तो आपल्या एका वाक्याला इतका वेळ खातो की ओटीवरचा नवा टीव्हीही तिष्ठत राहतो. घरातलं सगळ्यात कच्चं यंत्र सगळ्यांचं नेट हळू करतं.

अँटेनाच्या काळात आम्हाला दोन रोग माहीत होते. एक, चित्रात मुंग्या. म्हणजे सिग्नल कमी. दुसरा, डबल चित्र. रामाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली. सिग्नल भरपूर असला तरी हा रोग व्हायचा. टॉवरकडून एक लहर सरळ येते, दुसरी समोरच्या डोंगरावर आपटून जरा उशिरा येते, आणि पडद्यावर दोन्ही दिसतात. मामा अँटेना हातभर फिरवायचा, मी खालून ओरडायचो, "आलं, आलं... गेलं!"

हाच रोग वायफायच्या जन्माला आडवा आला होता. घरात तर चार भिंती, छत, कपाटं. प्रत्येकावर आपटून त्याच लहरीच्या दहा प्रती मागेपुढे पोचतात आणि वेगानं पाठवलेले आकडे एकमेकांत मिसळतात. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओसलिव्हन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांचा मूळ उद्योग वेगळाच, फुटणाऱ्या लहानशा कृष्णविवरांचे रेडिओ-संकेत शोधण्याचा. ते काही सापडले नाहीत. पण विस्कटलेल्या लहरीतून मूळ संकेत काढायचं जे गणित आणि कसब त्या खटाटोपात हाती आलं, ते पुढे १९९०च्या दशकात त्यांच्या चमूनं बिनतारी जाळ्यासाठी कामी लावलं. तोड अशी: एकच घाईचा प्रवाह पाठवण्याऐवजी त्याचे बारीक बारीक पुष्कळ प्रवाह करायचे आणि प्रत्येक सावकाश सोडायचा, इतका सावकाश की मागून येणारी प्रत त्याच अक्षराच्या आत पडते, पुढच्या अक्षरावर चढत नाही. वायफायच्या त्या मांडणीत एका चॅनलमध्ये असे ५२ प्रवाह असतात. सीएसआयआरओनं या कामाचं पेटंट घेतलं आणि नंतर मोठमोठ्या कंपन्यांकडून त्याचे पैसे वसूल केले. २००९च्या आवृत्तीपासून तर वायफाय त्या आपटून आलेल्या प्रतींचाच उपयोग करून घेतं, वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळी माहिती पाठवून. राउटरला दोन-चार दांडकी असतात ती त्यासाठी. मामा असता तर म्हणाला असता, सावलीचेही पैसे करतात लेकाचे.

आता मोबाइलचा टॉवर. आमच्याकडे डोंगर हेच मुख्य प्रकरण. लहर जितकी लांब तितकी ती आडोशाला वळसा घालते. आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या, म्हणून घाटाच्या पायथ्याच्या वाडीतही ट्रान्झिस्टर बोलतो. मोबाइलची ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटर, ती डोंगराच्या कडेनं थोडीफार डोकावते. ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्टीतली ९ सेंटिमीटर, तिला टॉवर जवळपास समोरच लागतो. म्हणून १ ऑक्टोबर २०२२ला देशात ५जी सुरू झालं तरी गावागावांत अनुभव एकसारखा नाही. ७०० मेगाहर्ट्झवरचं ५जी लांब पोचतं आणि भिंतीतून आतही शिरतं, पण वेगात मोठ्या पट्टीची बरोबरी करत नाही. २०२०च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीनं डोंगरावर खोपटं उभारून ऑनलाइन अभ्यास केल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. तिची जिद्द मोठीच, पण माझ्यासारख्याला त्यात रेडिओचं शास्त्रही दिसलं. वर चढलं की टॉवर आणि फोन यांच्यामधला मातीचा ढीग निघून जातो.

टॉवरच्या बाबतीतही दांड्या एकाच बाजूचं सांगतात. टॉवर दहा-दहा, वीस-वीस वॅट फेकतो. तुमचा ४जी फोन जास्तीत जास्त पाव वॅटसुद्धा नाही, साधारण ०.२ वॅट. तुम्हाला त्याचं ऐकू येतं, त्याला तुमचं नाही. कॉल लागतो, समोरचा "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" म्हणत राहतो आणि तुम्हाला मात्र त्याचा शब्द न् शब्द कळतो. अशा ठिकाणी फोन बिचारा पूर्ण ताकदीनं ओरडत राहतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपवतो. काही गावांत टॉवर नको म्हणून अर्ज होतात, त्यांना मी हे हळूच सांगून बघतो: टॉवर लांब गेला की तुमच्या कानाला लागलेला फोन जास्त जोरात बोलतो. ऐकतं कोण म्हणा.

घरांच्या बांधकामानंही भर घातली आहे. स्लॅब गळतो म्हणून आमच्याकडे आता जवळजवळ प्रत्येक घरावर पत्र्याची शेड चढते. कौलांतून लहर येत होती, पत्र्यातून येत नाही. टॉवर वरच्या सड्यावर असेल तर वरून येणारं सगळं पत्र्यावरच संपतं. मग लोक सिम बदलतात.

पावसाला मात्र लोक उगाच शिव्या घालतात. वायफायच्या किंवा मोबाइलच्या लहरींना पावसाच्या थेंबाचं फारसं काही वाटत नाही, थेंब काही मिलिमीटरचा आणि लहर कितीतरी मोठी. छत्रीवाल्या डीटीएचची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास, तिला आषाढातला पाऊस खरंच अडवतो. म्हणून टीव्ही जातो आणि फोन चालू राहतो. बागेतल्या ओल्या झाडांचं वेगळं. टॉवर आणि घर यांच्यामध्ये आंब्या-फणसांची दाट राई असेल तर पावसाळ्यात पाणी धरलेली पानं बरीच रेंज गिळतात.

आणि टॉवर म्हणजे काही स्वयंभू नव्हे. तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतचाच टप्पा बिनतारी. त्याच्यामागे फायबर असतं किंवा दुसऱ्या टॉवरकडे तोंड केलेली गोल डिश, आणि खाली वीज, बॅटऱ्या, जनरेटर. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी गावात शिरली तेव्हा टॉवर जागेवर उभे होते. फोन मात्र लागत नव्हते.

तेव्हा नेट बंद पडलं की पहिल्यांदा हे ठरवा की दुखणं हवेत आहे की तारेत. फोन राउटरच्या शेजारी न्या. तिथे चालत असेल तर दोष हवेचा: जागा, भिंत, गर्दी. तिथेही चालत नसेल तर वायफायला बोल लावू नका. फोन आणि राउटर यांचं छान जमलेलं असतं, राउटरलाच बाहेरचं काही मिळत नसतं. वेग मोजतानाही घोळ करू नका. शंभरचा प्लॅन म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट. फाइल उतरवताना दिसतात ते मेगाबाइट, आठपटीनं मोठे. साडेबारा दिसले म्हणजे पूर्ण शंभर मिळाले. यावरून माझ्याशी भांडायला आलेले एक बँकेतले साहेब होते, हिशेब कळल्यावर चहा पिऊन गेले.

फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला बारीक दिवा असतो. तो लाल पेटला म्हणजे काचेच्या तारेतून येणारा उजेड डब्यापर्यंत पोचत नाही. हा उजेडही आम्ही त्याच डीबीएममध्ये मोजतो. उणे वीसच्या आसपास असला की निर्धास्त, उणे २७च्या खाली गेला की डबा हात टेकतो. कारणं गावठी असतात. माकडांनी तार ओढली, माडाची झावळी पडली, किंवा घरात कोणीतरी सोफा सरकवताना तार काटकोनात मोडली; काचेला तीव्र वळण दिलं की उजेड वळणावरच बाहेर सांडतो. लाल दिवा दिसला तर पासवर्ड बदलत बसू नका, डबा दहादा बंद-चालू करू नका, आम्हाला कळवा. आणि एक हात जोडून सांगतो, डब्याच्या मागे रिसेटचं बारीक भोक असतं त्यात टाचणी घालू नका. तार जोडून झाल्यावरही मग नेट येत नाही, कारण आतली सगळी सेटिंग पुसली गेलेली असतात, आणि घरातला कोणीही माणूस टाचणी घातल्याचं कबूल करत नाही.